भुयारातला खजिना आणि सुंदरम्माबाईंचा शेरा

सुंदरम्माबाई कापड घ्यायला आल्या की दुकानदार गादीवर जरा सरसावून बसायचा. रंग पक्का आहे असं त्यानं शंभरदा सांगितलं तरी बाई पिशवीतून ओला रुमाल काढायच्या, कापडाचा कोपरा त्यात धरून चोळायच्या आणि रुमाल उजेडात बघायच्या. कोरा निघाला तर, "द्या तीन मीटर." नाही तर काही न बोलता पुढचं दुकान.

ही सवय त्यांना लहानपणापासूनची. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात सगळं कन्नड. मराठी शाळेत घातलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या आणि वर्गात बोललेलं निम्मं डोक्यावरून जायचं. मग त्या प्रत्येक शब्दाला हात वर करून विचारायच्या, "म्हणजे काय?" मास्तर वैतागायचे, पोरी हसायच्या, पण चौथीपर्यंत सुंदरम्मा वर्गात पहिली आली. स्वतः पाहिल्याशिवाय, विचारल्याशिवाय मान डोलवायची नाही, हे तेव्हा जे अंगात मुरलं ते मुरलंच. पुढं सोलापुरात चन्नप्पांशी लग्न झालं. त्यांचं शेंगा आणि शेंगदाण्याचं दुकान. बाई एका हायस्कुलात शिवणकाम शिकवायला लागल्या. वर्गात पोरींनी काजं नीट केली नाहीत तर उसवायला लावायच्या, पण स्वतःही शेजारी बसून एक काज उसवायच्या. पोरी त्यांना भ्यायच्या, आणि त्यांच्या घरी जायलाही एका पायावर तयार असायच्या.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली, आणि होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची दुकानं यांच्या गर्दीत एक नवीनच प्रकार आला. बैलगाडीएवढी काळी पेटी, वर लाल अक्षरांत पाटी: 'भुयारातला खजिना. धाडसी खेळ. हिंमत असेल त्यानं बसावं.' पेटी बनवली होती मल्लिकार्जुन नावाच्या जॉबरनं. त्याचा रोजचा धंदा मागांची दुरुस्ती. चादरीवर मोर उमटवायला मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं लावतात. त्या भोकांप्रमाणे दोरे वर उचलले जातात. मल्लिकार्जुननं तीच युक्ती पेटीत घातली, पण दोऱ्यांच्या जागी बाहुल्या. खेळणारा स्टुलावर बसून काचेतून आत बघायचा. आत मोटरवर रंगवलेलं कापड सरकत राहायचं, त्यावर भुयाराच्या भिंती. हातातल्या चाकानं पत्र्याचा एक शिलेदार डावीकडं-उजवीकडं हलवायचा, पायानं पायटा दाबला की शिलेदाराची तलवार फिरायची. पुठ्ठ्याच्या पानांप्रमाणे कधी साप वर यायचा, कधी धोंडा पडायचा, कधी दरोडेखोर उभा राहायचा. चुकलं की घंटा वाजून एक दिवा विझायचा. तीन दिवे विझले की खेळ संपला. कोणी शेवटपर्यंत पोचलाच तर पितळी पेटीचं झाकण उघडायचं, आत पिवळा दिवा लागायचा आणि शंख वाजायचा.

चार दिवसांत आठवी ते दहावीच्या वर्गांत दुसरा विषय उरला नाही. दुपारच्या सुट्टीनंतर बाकं रिकामी पडायला लागली. एका पालकाचं हेडसरांना पत्र आलं: पेटीतल्या दरोडेखोराची मान तुटते, त्यातून रक्त वाहतं, आणि हे बघून आमच्या चिरंजीवांनी घरातला माठ रुळानं फोडला. शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. संस्कृतचे सर म्हणाले, पोरं बिघडणार. विज्ञानाचे सर म्हणाले, उलट यंत्र कसं चालतं ते कळेल. दोघांचा आवाज इतका चढला की शिपाई पाणी घेऊन आत आला.

हेडसर सुंदरम्माबाईंकडं वळले. "बाई, तुम्ही जाऊन बघा. सोमवारी मला लेखी द्या. आपल्या पोरांनी तो खेळ खेळावा की खेळू नये. तुम्ही नको म्हणालात तर प्रार्थनेच्या वेळी बंदी जाहीर करतो."

"मीच का, सर?"

"कारण बाकी सगळ्यांचं मत न बघताच तयार आहे."

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई होम मैदानावर गेल्या. आधी तासभर नुसत्या उभ्या राहिल्या. खेळ सुरू असताना पोरं श्वास रोखतात, मान तुटली की हसतात, खजिन्याजवळ कोणी पोचला की ओळख नसलेल्याच्याही खांद्यावर हात ठेवून उड्या मारतात, हे सगळं त्यांनी बघितलं. घंटेच्या आवाजानं एक चार-पाच वर्षांचं पोर दचकून रडायला लागलं, तेही बघितलं. मग तिकीट काढून रांगेत लागल्या.

शाळेतली पोरं पांगायला लागली. "अरे, पळताय कुठं?" बाई म्हणाल्या, "मला दाखवा कसं खेळायचं ते."

पदर खोचून बाई स्टुलावर बसल्या. पहिल्या वळणावर साप वर आला, तेव्हा त्यांनी चाक सोडून दोन्ही हात तोंडाला लावले. एक दिवा गेला. धोंडा आला तेव्हा पायटा दाबण्याऐवजी स्टुलाचा पाय दाबत राहिल्या. दुसरा गेला. दरोडेखोर दिसला तेव्हा मात्र पाय अचूक पडला, त्याची मान लटकली, गळ्यातून तांबड्या कापडाची पट्टी बाहेर आली, आणि मागून पोरं ओरडली, "मारला! बाईंनी मारला!" बाईंना इतका आनंद झाला की पुढच्या सापाकडं लक्षच गेलं नाही.

घरी आल्या तेव्हा चन्नप्पा दुकान बंद करून ओसरीवर बसले होते. "एन आतु?" त्यांनी विचारलं. काय झालं, एवढंच. पण बाईंच्या चेहऱ्याकडं बघून ते हसायलाच लागले. "अगं, तू तपासायला गेली होतीस की खेळायला?"

"खेळल्याशिवाय तपासणार कशी?" बाई म्हणाल्या. "आणि उद्या तुम्ही पण चला. मला एकटीला तिथं पोरांच्या गर्दीत धक्के खावे लागतात. पोरींना तर रांगेत कोणी धड उभं राहू देत नाही. दोनदा पुढं आलेली पोरगी तिसऱ्यांदा मागं ढकलली गेली."

शुक्रवारी दोघं गेली. आणि ती पोरगी आज स्टुलावर बसली होती. नववी ब मधली गोजा, हजेरीवर गोजाबाई. सांगोल्याकडची, घरची मेंढरं. शिकायला म्हणून सोलापुरात मावशीकडं राहिलेली. वर्गात तोंडातून शब्द काढत नसे, पण तिच्या हातचा टाका सुंदरम्माबाईंनी आजवर कधी उसवला नव्हता.

गोजा खेळत होती, आणि बाई बघतच राहिल्या. साप यायच्या आधीच तिचा शिलेदार बाजूला झालेला असायचा. धोंडा पडायच्या आधी तलवार वर. बाईंच्या लगेच ध्यानात आलं, पोरीनं पानांची ओळ पाठ केली आहे. कशिद्यात कुठल्या घराला कुठला टाका येतो हे जसं बोटांना कळतं, तसं तिच्या पायाला कळत होतं.

मग दरोडेखोर आला. गोजाचा पाय हलला नाही. दरोडेखोराची काठी खाली आली, घंटा वाजली, दिवा गेला.

"मार की गं! मार!" मागून ओरडा झाला.

पुढं सगळं पुन्हा बिनचूक. दुसरा दरोडेखोर, दुसरा दिवा. शेवटच्या वळणावर, खजिना काचेत दिसायला लागला असताना, तिसरा दरोडेखोर. गोजा चाक घट्ट धरून बसली. तिसरा दिवाही गेला.

"तिचा आबा हाय त्यो, कसा मारंल?" कोणीतरी म्हणालं आणि मागं हशा पिकला. गोजा खाली मान घालून उठली आणि थेट रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

बाईंनी तिला बाहेर बोलावलं. चन्नप्पांनी उसाच्या रसाचे तीन ग्लास सांगितले. बाईंनी आधी तिला अर्धा ग्लास पिऊ दिला.

"कसा वाटतो खेळ?" मग विचारलं.

"लई भारी हाय, बाई."

"सगळं येतं तुला. मग दरोडेखोर आला की पायटा का दाबत नाहीस?"

गोजानं ग्लासाच्या काठावरून बोट फिरवलं. "त्येच्या अंगावरचं घोंगडं बगितलं का तुमी? आमचा आबा मेंढरं घिऊन जातो तवा असंच पांगरतो. मुंडासं बी तसंच, काठी बी. आदी मला काय वाटलं न्हाय, मी बी मारलं की दोनदा. मग वर्गातली पोरं म्हनली, बग गोजे, तुजा आबा मेला. तवापासनं पायच उचलंना."

"मग रोज खेळतेस कशाला?"

"खजिना बगायचा हाय की," गोजा म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा.

घरी जाताना बाईंनी मनाशी उजळणी केली. पालकाच्या पत्रात रक्त होतं. संस्कृतच्या सरांच्या तोंडी रक्त होतं. आपण स्वतः दोन दिवस त्या तांबड्या पट्टीकडंच डोळे लावून बसलो. घोंगडं समोर होतं आणि दिसलं नाही. आपणच त्या घोंगडीवाल्याला मारून आनंदानं टाळ्या घेतल्या. तेव्हाची ती खुशी आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग नको म्हणून लिहून टाक," चन्नप्पा म्हणाले.

"नको म्हटलं तर गोजाला खजिना कसा दिसणार?" बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्यावर बाई परत मैदानावर गेल्या. मल्लिकार्जुन पेटीच्या मागं तेलाची बुधली घेऊन बसला होता. पस्तिशीचा, सडपातळ, बोलताना सारखा हात पुसणारा माणूस. घरी तेलुगू, त्यामुळं मराठी सावकाश आणि जपून.

"मल्लिकार्जुन, दरोडेखोराला घोंगडं का घातलंत?"

"जुनं फाटकं मिळालं, अक्का. काळं आहे, दिव्यात उठून दिसतं. दुसरं काय नाही."

बाईंनी त्याला गोजाचं सांगितलं, नाव न घेता. मल्लिकार्जुनचा हात पुसायचा थांबला. "माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, अक्का," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत दूध घालायला येतात ते बिरप्पा पण घोंगडंच पांघरतात. परवा त्यांनी खेळ बघितला, काही न बोलता गेले. मला वाटलं, आवडला नसेल."

"काढून टाका मग."

"कसं काढू? तीन दरोडेखोरांची तीन ठिकाणं आहेत. ते काढले तर सगळी पानं परत टोचावी लागतील. आठ दिवस जातील, गड्डा उठेल."

"पानं कोण बदला म्हणतंय?" बाई म्हणाल्या. "बाहुली उचलणारे हूक तेच राहू द्या, बाहुली तीच राहू द्या. अंगावरचं काम माझं. एक बाहुली बाहेर काढा बघू."

बाहुली हातात घेऊन बाईंनी उलटीसुलटी केली. काळी, जाडी, खरखरीत लोकर. मुंडासं काढल्यावर वरचं गोल लाकडी डोकं उघडं पडलं. बाईंनी घोंगडीचं टोक त्या डोक्यावर ओढून घेतलं, दोन बाजूंना चिमटीत धरलं. दोन कान झाले.

मल्लिकार्जुन हसायला लागला. "अस्वल!"

"अस्वलच. आणि भुयारात दरोडेखोरापेक्षा अस्वल जास्त शोभतं."

"पण मान तुटायची ती? आणि तांबडी पट्टी? पब्लिक त्यासाठी येतं, अक्का."

"दोन दिवस मी पब्लिककडंच बघतेय. मान तुटली की हसतात, खरं. पण खजिना उघडला की ओरडतात. परत तिकीट काढायला कोण धावतं? हसणारा की ओरडणारा?"

मल्लिकार्जुननं विचार केला. दिवसभर पेटीमागं असल्यामुळं ते त्यालाही ठाऊक होतं. "कमरेत बिजागरी बसवतो," तो शेवटी म्हणाला. "मार बसला की अस्वल बुडावर बसेल. धप्पकन."

रविवारी सकाळी मैदान अजून झाडत होते, तेव्हा पेटीच्या सावलीत सतरंजी टाकून सुंदरम्माबाई आणि गोजा शिवायला बसल्या. लोकर इतकी जाड की गोणपाटाची सुई आणावी लागली. अस्वलाला पोट हवं म्हणून चन्नप्पांनी दुकानातून शेंगांच्या टरफलांचं पोतं आणून टाकलं. गोजा टरफलं ठासून भरत होती, बाई वरून टाके घालत होत्या.

"बाई, नाक लांब ठिवा. न्हाय तर बोकडावानी दिसंल."

"तू सांग, किती?"

गोजानं बोटाच्या दोन पेरांवर खूण दाखवली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोर त्या सकाळी सतत बोलत होती. आबाचं कुत्रं अस्वलावर कसं धावून गेलं, हे तिनं सांगितलं. मग तिला स्वतःलाच शंका आली की ते अस्वल नसून तरस असेल. तिसऱ्या अस्वलाचा एक कान जरा खाली आला. बाई उसवायला लागल्या तर गोजा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. त्यो लई लढाया केलेला हाय."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाकडा टाका तसाच सोडला.

दुपारी पेटी सुरू झाली. पहिलं अस्वल उठलं तशी गर्दीतून "आं?" असा आवाज आला. खेळणाऱ्यानं पायटा दाबला, अस्वल धप्पकन बुडावर बसलं, त्याच्या पोटातली टरफलं खुळखुळली, आणि इतका हशा झाला की शेजारच्या भांडेवाल्यानं दुकान सोडून डोकावून पाहिलं. मल्लिकार्जुननं पोरींची रांग वेगळी केली होती; मधे नुसता एक काथ्या बांधला होता, पण त्या काथ्याचा वचक राहिला.

गोजाचा नंबर आला. साप गेला, धोंडा गेला. पहिलं अस्वल उठलं आणि तिचा पाय असा पडला की पायटा खटकन वाजला. दुसरं बसलं. शेवटच्या वळणावर वाकड्या कानाचं तिसरं उठलं, तेव्हा ती क्षणभर थबकली. मग पायटा खटकन वाजला. पितळी झाकण उघडलं, पिवळा दिवा लागला, शंख घुमला. गेले आठ दिवस तिला चिडवणारी पोरं सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. गोजा काचेला नाक लावून आत बघतच राहिली.

"काय आहे गं आत?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाय, बाई. नुस्ता दिवा हाय," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "पन लई झ्याक हाय."

सोमवारी बाईंनी हेडसरांच्या टेबलावर कागद ठेवला. हेडसरांनी तो शिक्षकांच्या खोलीतच मोठ्यानं वाचला.

'हा खेळ मी चार दिवस पाहिला. सहा वेळा खेळले, सहाही वेळा हरले. आठवीपासून पुढच्या मुलामुलींनी तो खेळायला माझी हरकत नाही. शाळेच्या वेळात मात्र कोणी दिसल्यास कान धरून आणावं. लहानांसोबत मोठं माणूस असावं, कारण घंटेचा आवाज दचकवणारा आहे. खेळानं मुलं मारकुटी होतात का, हे चार दिवसांत कळत नाही. कळलं असं जो म्हणेल त्याच्यावर माझा विश्वास नाही. माठ रुळानं माझ्या भावानंही फोडला होता, तेव्हा ही पेटी नव्हती. खेळात एक वाईट गोष्ट होती. ती रक्ताची नव्हती. ज्याला मारायचं त्याला आपण कोणाचे कपडे घालतो, हे पाहिलं गेलं नव्हतं. मालकाला सांगितल्यावर त्यांनी एका दिवसात बदल केला. यापुढं शाळेत मुलांसाठी नाटक, गोष्ट, चित्र काहीही निवडताना आपणही हे पाहावं, अशी विनंती.'

संस्कृतच्या सरांनी चष्मा काढून पुसला. गॅदरिंगच्या नाटकातला चोर दर वर्षी कुठल्या वेशात येतो, हे त्यांना आठवलं असावं, कारण नाटक तेच बसवायचे.

"म्हणजे हो की नाही?" हेडसरांनी विचारलं.

"हो. पण अटी वाचा."

"आणि सहा वेळा हरलात?"

"दुसऱ्या अस्वलाच्या पुढं मला जाताच येत नाही, सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं.

गड्डा उठला. मल्लिकार्जुननं पेटीचे चार तुकडे करून ट्रकमध्ये घातले आणि गावोगावच्या जत्रा धरल्या. निघताना बाईंच्या शेऱ्याची एक नक्कल मागून नेली आणि काचेत बसवून पाटीखाली टांगली. कोणी पालक कुरकुरला की तो नुसता तिकडं बोट दाखवायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी करमाळ्याहून त्याचं पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या. 'अक्का, नमस्कार. धंदा बरा आहे. वैरागला दोन बाया खेळायला बसल्या. शंख वाजवून उठल्यावर त्या म्हणाल्या, आत कायम बाप्याच का पळतो? मला ते पटलं. पत्र्याचा नवीन पुतळा कापून ठेवला आहे, वीतभर उंचीचा. पुढच्या आठवड्यात सोलापूरला येतो. लुगडं नेसवून द्याल का? पळताना पायात अडकू नये.'

बाईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि शिवणाच्या तासाला नववी ब मध्ये नेलं. पोरींनी काजं बाजूला ठेवली. हिरवं की जांभळं यावर पहिली दहा मिनिटं गेली. मग मागच्या बाकावरून गोजा उठली, फळ्याजवळ आली आणि खडू मागितला. तिची आई मेंढरांमागं काट्याकुट्यातून चालताना लुगडं कसं वर खोचते, ते ती सगळ्यांना काढून दाखवायला लागली.